तुळईच्या पुढे चार फूट

रविवारी सकाळी ताई हत्यारांची पिशवी खांद्याला लावून आली तेव्हा घरात दोन तट पडलेलेच होते, आणि दोन्ही तटांना वाटत होतं की ती आपल्याच बाजूची आहे.

वाद माळ्याचा होता. खालची लांबट खोली म्हणजे दादाचं शिवणकामाचं दुकान. तिच्या मागच्या अर्ध्या भागावर तिघा भावंडांच्या वडिलांनी, अण्णांनी, चौतीस वर्षांपूर्वी घातलेला लाकडी माळा होता. पुढचा अर्धा भाग थेट छपरापर्यंत मोकळा, तिथे उंचावर एक रुंद खिडकी, आणि त्या खिडकीच्या उजेडात दादाचं कापायचं टेबल. गेली बावीस-तेवीस वर्षं दादा त्या टेबलाशी उभा होता. अण्णा गेल्यावरही घरातली ही एकच गोष्ट जागची हलली नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी धाकटा भाऊ परत राहायला आला. तो भूगोल शिकवायचा, म्हणून घरीदारी सगळे त्याला मास्तरच म्हणत. त्याच्या बायकोला इथल्या इस्पितळात नर्सची कायमची जागा मिळाली होती, त्यामुळे दोन मुलींसकट बिऱ्हाड उचलून चौघं आली आणि तात्पुरती म्हणून वहिनीच्या खोलीत उतरली. दादा आणि वहिनी तात्पुरते म्हणून स्वयंपाकघरात झोपू लागले. आता वहिनी 'तात्पुरते' हा शब्द ऐकला की भांडी जरा जोरात ठेवायची.

"ताई, तू फक्त हो म्हण," मास्तरने तिला चप्पलही काढू दिली नाही. त्याने टेबलावर एक मोठा कागद पसरला. नकाशा त्याने स्वतः काढला होता, रंगीत पेन्सिलींनी, उत्तर दिशेच्या बाणासकट. "माळा अकरा फूट खोल आहे. दोन पलंग आणि कपाट ठेवलं की मुलींना पाय ठेवायला जागा उरत नाही. तुळईच्या पुढे चार फूट वाढवला की सगळं बसतं. झालं!"

"माझ्या कापडावरून कागद उचल," दादा म्हणाला.

मास्तरने कागद उचलला आणि ताईच्या हातात दिला.

ताईने आधी चप्पल काढली, मग पिशवी ठेवली, आणि मान वर करून माळ्याकडे बघितलं. मागच्या भिंतीपासून तुळईपर्यंत नऊ कड्या, म्हणजे लांब चौकोनी लाकडं, कड्यांवर फळ्या, साधंच काम. पण प्रत्येक कडीचं टोक तुळईच्या पुढे वीतभर बाहेर आलेलं होतं, आणि अण्णांनी ती टोकं खालून गोलसर तासून त्यांवर दोन-दोन बारीक रेघा कोरल्या होत्या. नवं गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की हटकून वर बघायचं आणि विचारायचं, हे कोणी केलं? ताई तेव्हा घरात असली तर उत्तर द्यायची घाई तीच करायची. अण्णांची सुतारकी तिच्याकडे आली होती. शहराच्या या भागात तिला सगळे मिस्त्री म्हणूनच ओळखत, दादासुद्धा चेष्टेने तेच म्हणायचा.

"चार फूट व्हायचं नाही," ती म्हणाली.

"का नाही? कड्या बाहेर आल्याच आहेत की! त्यांना पुढे जोड द्यायचा."

"खाली खांब कुठे?"

"खांब नको म्हणून तर तुला बोलावलं."

ताईने दादाची लाकडी गजपट्टी उचलली, टेबलाच्या कडेवर आडवी ठेवली आणि अर्धी बाहेर सरकवली. बाहेरच्या टोकाला तिने बोटाने दाबलं. आतलं टोक चटकन उचललं गेलं आणि खडूचा डबा उलटता उलटता वाचला.

"पुढे वजन आलं की मागचं टोक उठायला बघतं," ती म्हणाली. "जेवढं बाहेर काढशील त्याच्या कितीतरी पट लांब आत असायला हवं, आणि आतलं घट्ट धरलेलं हवं. जोड दिलास तर तो बरोबर तुळईवर येणार, जिथे सगळ्यात जास्त ताण तिथेच."

"मला वर्गात बसवल्यासारखं सांगू नकोस."

"मग पोरांसारखं काहीतरी काढून आणू नकोस. कड्या अखंड असतील तर त्यांच्या जिवावर दोन फूट देते. चार हवे असतील तर खांब घाल."

"आणि खांब कुठे येणार?" दारातून वहिनीने विचारलं. ती हात पुसत आली होती.

ताईने पायाने जमिनीवर जागा दाखवली. टेबलाच्या बरोबर मध्यावर.

"मग टेबल हलवा," वहिनी सरळ म्हणाली. नवऱ्याकडे न बघता. "टेबलाला काय मुळं फुटलीत?"

"उजेड खिडकीखाली आहे," दादा म्हणाला. "काळ्या कापडावर रेघ दिसायला नको? माळा पुढे आला की माझ्या डोक्यावर अंधार. आणि मला विचाराल तर माळ्याला हातच लावायचा नाही. ना चार फूट, ना दोन."

"दोननेसुद्धा तुझा उजेड जाणार आहे होय?" मास्तरचा आवाज चढला. "खिडकी तिकडे आहे. टेबल हातभर पुढे घेतलंस की झालं. पण तुला द्यायचंच नाही."

"तसं समज."

"माझ्या मुली स्वयंपाकघराच्या वाटेवर अभ्यास करतात, दादा."

"मला दिसतं."

नर्सबाई आतापर्यंत शिडीच्या पायऱ्यांशी उभी होती. ती सकाळच्या पाळीला निघाली होती, केस घट्ट बांधलेले, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. "आपण दुसरीकडे जागा बघू," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "मी म्हटलंच होतं."

"अजिबात नाही," वहिनी एकदम म्हणाली, आणि आपणच चकित झाल्यासारखी थांबली. मग तिने वाक्य पुरं केलं. "गेल्या आठवड्यात आईंचा श्वास लागला तेव्हा तू होतीस म्हणून. मी काय करणार होते? तू कुठे जायचं नाहीस. पण माझ्या खोलीतून मात्र जा."

खिडकीखालच्या खुर्चीत आई एका सदऱ्याला काज करत बसली होती. तिने दोरा दाताने तोडला. इतकी सगळी बोलत होती, तरी तिला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि ती विचारायची वाट बघत होती असंही वाटत नव्हतं.

"मी आधी वर जाऊन फळी उचकटते," ताई म्हणाली. "कड्या कशा आहेत ते बघू. मग भांडा."

"नको," दादा म्हणाला.

"अरे, नुसतं बघते."

"काय बघायचंय? अण्णांचं काम आहे."

हे तो इतक्या कोरडेपणाने म्हणाला की ताईला वाटलं, तिच्यावर विश्वास नाही म्हणून बोलतोय. पटाशी आणि हातोडी घेऊन ती शिडीकडे निघाली. पण मास्तर तिच्या आधी चढला होता.

"मी दाखवतो तुम्हाला," तो वरून म्हणाला. माळ्याला तुळईच्या रेषेत गुडघ्याच्या वर येईल एवढा कठडा होता, आणि कठड्याच्या बाहेर त्या कोरलेल्या टोकांवर वीतभर फळी. मास्तरने कठड्यावरून एक पाय बाहेर टाकला. "ही वीतभर जागा चौतीस वर्षं अधांतरी आहे. काही झालं? बघा, मी उभाच राहतो."

"आत हो!" दादा ओरडला.

दादा ओरडायचा नाही. गिऱ्हाईक कबूल केलेला दिवस उलटून गेल्यावर शिव्या द्यायला आलं तरी नाही. त्यामुळे सगळ्यांनी आधी त्याच्याकडेच बघितलं, आणि मास्तरनेही बघितलं, दुसरा पाय बाहेर टाकता टाकता.

"आत हो म्हणतो ना! ती खोटी आहेत!"

फळी कुरकुरली. खिळे सुटताना होतो तसा एक लांब, ओरबाडल्यासारखा आवाज आला, आणि मास्तरच्या पायाखालचं टोक तुळईपासून सुटून खाली गेलं. ताई शिडीच्या वरच्या पायरीवर होती. तिने हातोडी टाकली आणि दोन्ही हातांनी त्याचा पट्टा पकडला. मास्तरने कठड्याला मिठी मारली. त्याचा एक पाय हवेत, दुसरा शेजारच्या टोकावर, आणि तेही हलत होतं. खाली लाकडाचा तुकडा टेबलावर आदळला, एका कोटाच्या कापडात खाच पाडून जमिनीवर गेला.

"हलू नकोस," ताई म्हणाली. "आता उजवा पाय आत. हळू. घाई केलीस तर मी पण येईन तुझ्याबरोबर."

तो आत आला आणि फळ्यांवर बसला. नर्सबाई वर कधी पोचली ते कोणाला कळलं नाही. तिने त्याची विजार गुडघ्यापर्यंत वर केली, नडगी दाबून बघितली, घोटा फिरवला. "सालटं निघालंय. हाड ठीक आहे," ती म्हणाली. मग तिथेच त्याच्या शेजारी खाली बसली.

ताई खाली उतरली. तिने तो तुकडा उचलला. पुढून अण्णांची गोलाई, दोन रेघा. मागून सरळ कापलेलं लाकूड, आणि त्यातून बाहेर आलेले दोन लांब खिळे, गंजलेले. तिने शिडी तुळईखाली लावली, विजेरी तोंडात धरली आणि एक एक टोक तपासलं. टोक आणि तुळई यांच्यामध्ये करवतीच्या पात्याएवढी फट होती, लाकडाच्या भुश्यात सरस कालवून भरलेली, वर रंग. उरलेली आठही तशीच. खऱ्या कड्या तुळईवर जेमतेम चार बोटं टेकून संपत होत्या.

एवढी वर्षं ती हे काम लोकांना दाखवत आली होती. तिला कधी शंका आली नाही.

"दादा, तुला माहीत होतं."

दादा कापडाला पडलेली खाच बोटाने चाचपत होता. "हो."

"कधीपासून?"

"मीच कापल्या त्या कड्या." त्याने कापड सोडलं. "सोळाचा होतो. शाळा संपली होती आणि अण्णांनी मला हाताखाली घेतलं होतं. त्या दिवशी ते छपराच्या कामावर गेले, मला म्हणाले, माप भिंतीवर लिहिलंय, नऊ कड्या कापून ठेव. मी कापल्या. पुढे काढायची वीत धरायची राहिली. पहिली कापून माप म्हणून तीच बाकीच्यांवर ठेवली, त्यामुळे नऊही सारख्याच चुकल्या."

"आणि अण्णा?"

"संध्याकाळी आले. बघितलं. माझ्याशी काही बोलले नाहीत. उरलेल्या तुकड्यांची नाकं केली आणि बाहेरून ठोकली. किती सुंदर केली बघ. मला म्हणाले, कोणाला सांगायची गरज नाही. पुढच्या आठवड्यात मला मामाच्या दुकानात शिवणकाम शिकायला पाठवलं." त्याने खडूचा डबा आत सरकवला. "त्यांनी पुन्हा मला करवत दिली नाही."

मास्तर वरून कठड्याच्या फटीतून ऐकत होता. "म्हणून तू माळ्याला हात लावू देत नव्हतास," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता, पण दुसरं काय होतं ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. "मला सांगितलं असतंस तर मी कशाला पाय टाकला असता?"

"सांगायला हवं होतं," दादा म्हणाला. "चुकलं."

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. तो एकच माप तीनदा घ्यायचा, गिऱ्हाइकं हसायची, तीही हसायची. आज तिने त्याच्यासमोरचं खाच पडलेलं कापड उचललं आणि उजेडात धरलं. "बाहीच्या कडेला येईल," ती म्हणाली. "शिवणीत जाईल ही खाच."

"करवत त्यांनी नाही काढून घेतली," आई म्हणाली.

सगळे वळले. आईने सदरा मांडीवर ठेवला होता.

"मी काढून घेतली. त्या दिवसानंतर तू दोन दिवस जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी अण्णा तुला आपल्या सुतारकीच्या कारखान्यात न्यायला हाक मारत आले. म्हणाले, चूक झाली, लाकूडच आहे, चल. मी दारात आडवी उभी राहिले. तुझे हात थरथरत होते, ते मी बघितले होते. ह्या हाताने करवत चालवली तर बोटं जातील असं मला वाटलं. मीच माझ्या भावाला निरोप धाडला. अण्णा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

"त्यांनी मला हाक मारली होती?" दादाने विचारलं.

"मारली होती."

"मी ऐकली नाही."

"तू मागच्या खोलीत होतास. मी दार लावून घेतलं होतं."

नर्सबाई शिडी उतरून आली, आईची नाडी धरली, आणि आईने ती धरू दिली. इस्पितळात फोन करून तिने पाळी तासभर पुढे ढकलली. वहिनी चहा टाकायला गेली. ताई लाकडाचा तुकडा हातात घेऊन खुर्चीवर बसली. एक साधा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप लागत गेला. दादा मामाकडे गेला ते पावसाळ्यात. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी — नाही, सुट्टी लागायच्या आधीच — अण्णांनी तिला विचारलं होतं, येतेस का माझ्याबरोबर? ती तेरा वर्षांची होती. आपला हात चांगला आहे हे अण्णांनी ओळखलं, असं ती आजवर धरून चालली होती. वर्तमानपत्रासाठी मुलाखत घ्यायला आलेल्या एका पोरीला तिने तसं सांगितलंही होतं.

चहा घेताना ती आईजवळ सरकली. "माझा हात चांगला होता म्हणून घेतलं का मला?"

आई जरा विचार करून म्हणाली, "त्यांना कोणीतरी लागायचं. फळीचं दुसरं टोक धरायला. मग तुझा हात चांगला निघाला."

एवढंच. आई काही गोड करून सांगणाऱ्यातली नव्हती.

सोमवारी ताई पुन्हा आली. या वेळी तिने कागद आणला होता, रंग आणि बाण नसलेला. उरलेली आठ टोकं काढून टाकायची. जुन्या प्रत्येक कडीला खेटून एक नवी अखंड कडी टाकायची, जरा जास्त उंचीची, मागे भिंतीत खाच घेऊन वरून दाबून बसवलेली, म्हणजे तिला उठायला वावच नको. दोन्ही कड्या मिळून पाच ठिकाणी बोल्ट. तुळईच्या पुढे दोन फूट, आणि त्याच्या पुढे एक बोट नाही. टेबल हातभर खिडकीकडे.

मास्तरने कागद वाचला. "दोन फुटांत मुलींचं टेबल बसेल," तो म्हणाला. "कपाट भिंतीत करशील?"

"करीन."

"चार कशाला मागत होतो मी?"

"कारण तू नकाशातली जमीन बघतोस, तिथे चार फूट म्हणजे ठिपकासुद्धा नाही," दादा म्हणाला, आणि नर्सबाई इतकी खळखळून हसली की मास्तरलाही हसावं लागलं.

दुकानात दोघंच उरल्यावर ताईने विचारलं. विचारायचं नाही असं रात्रीपासून ठरवलं होतं, तरी विचारलं. "दादा, तुला हवं होतं का हे काम? लाकडाचं?"

दादा काळ्या कापडावर खडूने रेघ ओढत होता. त्याने रेघ पुरी केली.

"हवं होतं," तो म्हणाला. "मामाकडे पहिली दोन वर्षं रोज हवं होतं. तू संध्याकाळी भुसा लागलेले केस घेऊन यायचीस तेव्हा मी तुझ्याशी धड बोलायचो नाही, आठवतं?"

"मला वाटायचं, तू मोठा झालास म्हणून."

"राग यायचा. मग मामाने एकदा अख्खा सूट कापायला दिला. तो बसला गिऱ्हाइकाला. त्यानंतर हळूहळू गेलं." त्याने खडू फुंकला. "आता मला हे सोडून कोणी करवत दिली तर मी घेणार नाही. पण आई काल बोलली ते मात्र राहिलंय. हाक मारली होती म्हणे."

"हं."

"चौतीस वर्षं मला वाटायचं, त्यांनी मला टाकून दिलं."

ताईला सॉरी म्हणावंसं वाटलं, पण कशाबद्दल ते कळेना. ती म्हणाली, "उद्या वखारीत चल. नऊ कड्या निवडायच्या आहेत. मला एक जोडीदार लागतो."

"फळीचं दुसरं टोक धरायला?"

"हो."

तो आला. वखारीत त्याने प्रत्येक कडी टोकाला डोळा लावून बघितली, कापडाची वीण बघावी तशी, आणि ताईने निवडलेल्यांतल्या दोन बाजूला काढल्या. एकीला मध्ये पीळ होता. दुसरीला गाठ होती, नेमकी तुळईवर येईल अशी. ताईला गाठ दिसली होती, पण ती कुठे येईल हे तिने मोजलं नव्हतं.

बुधवारी दुकान बंद ठेवून कापणी झाली. ताईने माप घेतलं, दादाने घेतलं, मग ताईला पुन्हा घ्यायला लावलं. तिने रेघ मारली, गुण्या लावून काटकोन तपासला आणि करवत त्याच्यापुढे धरली.

"नको," तो म्हणाला. "तू काप. मी धरतो."

त्याने धरलं. तिने कापलं. पहिली कडी झाल्यावर ती दुसऱ्या लाकडावर ठेवून रेघ मारायला ती निघाली, तर त्याने पट्टी पुढे केली. "प्रत्येकीचं वेगळं माप घे," तो म्हणाला. तसं करायला दुप्पट वेळ लागला. नवव्या कडीपर्यंत दोघांचेही खांदे भरून आले होते.

पुढचे चार दिवस ठोकाठोकीत गेले. मास्तर शाळेतून येऊन पाना फिरवायला बसायचा. वहिनी बोल्ट मोजून द्यायची आणि एक जरी कमी भरला तरी सगळ्यांना फळ्यांखाली शोधायला लावायची. नर्सबाईने दोन बोटांना पट्ट्या बांधल्या, दोन्ही मास्तरच्या. आईने खुर्ची दुकानातून हलवायला साफ नकार दिला, म्हणून तिच्यावर जुनी चादर टाकली, आणि ती चादरीखालून सूचना देत राहिली.

रविवारी शेवटची फळी बसली आणि कठडा नव्या कडेला गेला. ताईने खाली जमिनीपासून कडेपर्यंत एक काठी उभी केली आणि कड जिथे येते तिथे पेन्सिलने खूण केली. "आता सगळे वर," ती म्हणाली. "कडेला ओळीने उभे राहा. वजन पडल्यावर किती दबतं ते मला बघायचंय. दोन सूतांच्या वर गेलं तर मी सगळं काढून परत करणार."

"सूत म्हणजे?" नर्सबाईने विचारलं.

"इंचाचा आठवा भाग."

मास्तर, नर्सबाई आणि दोन मुली गेल्या. वहिनी पायऱ्या मोजत गेली. आईला खालीच ठेवावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं, पण ती उठून शिडीशी आलीच, तेव्हा मास्तर आणि वहिनीने तिला मधे घेऊन चढवलं. काठीवर खूण आणि कड यांच्यात केसभर फट दिसली.

"अजून एक माणूस हवं," ताई म्हणाली. "दादा."

"मी इथून बघतो की."

"वजन कमी पडतंय. चढ."

दादा चढला. सावकाश, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत. वर गेल्यावर तुळईच्या रेषेपाशी तो थांबला, जिथे जुनं संपून नवं सुरू होत होतं. फळ्यांचा रंग तिथे बदलत होता. मुलींपैकी धाकटीने त्याचा हात धरला आणि ओढलं. तो दोन पावलं पुढे गेला आणि कडेला, कठड्याला हात न लावता, सगळ्यांच्या ओळीत उभा राहिला.

खाली ताईने काठीला डोळा लावला. "दीड सूत," ती म्हणाली. तिने पुन्हा एकदा खूण बघितली. "दीड. उड्या मारा आता."

मुलींनी मारल्या. मास्तरने मारली. वहिनीनेही मारली, अगदी लहान. काठीवरची फट वाढली आणि परत दीडवर आली. लाकूड कुठेही कुरकुरलं नाही.

"राहा मग," ताई म्हणाली. "आजपासून."

वर एकच गलका झाला. पलंग कुठे, कपाट कुठे, मुलींपैकी खिडकीकडे कोण बसणार. वहिनी आपल्या खोलीतल्या चादरी बदलायला निघालीसुद्धा. फक्त दादा कडेलाच उभा होता आणि खाली टेबलाकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्याने आपलं टेबल या बाजूने बघितलं नव्हतं. काळं कापड पसरलेलं, त्यावर खडूने आखलेला अख्खा कोट, पाठ, दोन पुढचे भाग, बाह्या, सगळं एका नजरेत.

"अरे देवा," तो म्हणाला.

ताईने पुन्हा काठीला डोळा लावला. "काय झालं? काय दबलं?"

"डावी बाही. उलटी आखलीय मी. धागा उलटा येतोय." त्याने कठड्यावरून वाकून बोट दाखवलं, आणि मास्तर घाबरून त्याचा सदरा धरायला धावला. दादाचं लक्षच नव्हतं. "खाली उभं राहून दिसलंच नसतं. उद्या सकाळी कापणार होतो."

तो शिडीकडे वळला, पहिल्यापेक्षा भराभर उतरला, आणि ताईच्या बाजूने जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून थोडा भार दिला, जसा उतरताना एखाद्या कठड्याचा आधार घ्यावा तसा. मग टेबलाशी जाऊन त्याने ओल्या फडक्याने डाव्या बाहीच्या रेघा पुसायला सुरुवात केली.